आत्याचं क्रॉनिक दुखणं

आत्या आज गेली. मी मात्र तिला बावीस वर्षांपूर्वीच मारून ठेवलं होतं.

खरंच सांगते.

पेणच्या खाडीकाठी मिठागरात तिचा जन्म गेला. खोकला कायमचाच. एकदा डॉक्टरांना दाखवलं, तर कागदावर इंग्रजीत लिहून आलं, 'क्रॉनिक ब्राँकायटिस'.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. रोह्याला कॉलेजात होते ना!

क्रॉनिक हा शब्द मी फक्त 'क्रॉनिक केस आहे, आता काही उपयोग नाही' असाच ऐकलेला. ऐटीत सांगून टाकलं, "लास्ट स्टेज असते ती."

आत्या रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटप सुरू. आमच्याकडच्या बायका जाण्याआधी आपल्या हाताने देऊन मोकळ्या होतात. लुगडी सुनांना, मीठ ओढायची फळी जावेला. तीही ऐन हंगामात!

गडबचे, नागोठण्याचे पाहुणे शेवटचं भेटून गेले.

मग तिने गोळ्याही सोडल्या. "मरनाऱ्या मानसाला कशाला गो औषध?"

तेव्हा मात्र मी टरकले. एकटीच डॉक्टरांकडे गेले.

ते आधी हसले, मग चिडले. "अगं, क्रॉनिक म्हणजे जुनाट. खूप काळ चालणारं. डायबेटिस क्रॉनिक, संधिवात क्रॉनिक. त्यात लगेच मरण कुठं आलं? धुरापासून लांब ठेव तिला. आणि गोळ्या आजपासून चालू!"

एसटीत खिडकीशी बसून मी रडून घेतलं. इतकं हलकं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

आत्याला सांगितलं. तिने आधी खोकून घेतलं. मग म्हणाली,

"म्हंजे ह्यो खोकला लय वर्सं ऱ्हानार?"

"व्हय."

"मंग मलाबी ऱ्हावं लागंल."

उठली, ती थेट जावेच्या दारात. "फळी दे गो माझी. मी काय येवढ्यात जात नाय."

लुगडी कुणी परत दिली नाहीत. त्यावरून सुनांनी पुढे कायम तिचे टोमणे ऐकून घेतले.

आज दुपारी जेवली, आडवी झाली आणि झोपेतच गेली. एक्याऐंशी वर्षांची होती. नातवाच्या लग्नात नाचली, पणतीला न्हाऊमाखू घातलं. रडू येतंय, पण समाधानाचं आहे.

एक मात्र राहिलंय.

तेव्हाचं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "डॉक्टर चुकला व्हता." माझं नाव तिने कधी घेतलं नाही.

आत्ये, डॉक्टर नव्हते चुकले. मी चुकले होते. आज सगळ्यांसमोर सांगते.

सुखाने जा. तुला मनापासून नमस्कार.