मुक्या लॅपटॉपसाठी कुंभारवाड्याला

पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. केस काळे होते, जीभ तिखट होती आणि अक्कल यायची होती. एका रविवारी मी पेन ड्राइव्हवर लिनक्स (कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली) उतरवायला बसले. ह्यांनी मागून विचारलं, "एकदा बघून घे, नक्की कुठं उतरवतेयस ते." मी म्हणाले, "मला शिकवू नका." आणि मोठ्या झोकात घरच्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क पुसून टाकली. भाचीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. त्या बाईला कुणी दुरुस्तीला बोलावलं असतं, तर मी दारात आडवी पडून तिला अडवलं असतं.

पण गेल्या फेब्रुवारीत बोलावणं आलं तेव्हा ती बाई म्हातारी झाली होती, त्यामुळे जाऊ दिलं.

बोलावणं सोमाचं होतं. सोमा जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याचा, जन्मापासून आंधळा. निवृत्तीनंतर मी बेळगावात अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवायला जायची, तिथं तो भेटला. माझा जुना लॅपटॉप मी त्याला दिला. पडद्यावर जे काही येईल ते तो लॅपटॉप सपाट, बायकी आवाजात मराठीतून वाचून दाखवतो, आणि सोमा ऐकून ऐकून टाइप करतो. बेळगावच्या एका संस्थेनं त्याला नमुन्याचं काम दिलं होतं. म्हाताऱ्या माणसांची ध्वनिमुद्रित बोलणी ऐकायची आणि उतरवून काढायची. सोमवारी दुपारपर्यंत नमुना पोचला आणि पसंत पडला, तर पुढचं काम कायमचं, घरी बसून. नाही तर मडगावला थोरल्या भावाच्या खोलीवर राहायचं आणि कारखान्यात पाकिटं भरायची. बायको गंगा शेत आणि सासू सांभाळत मागं राहणार.

आणि शुक्रवारी फोन आला, "मॅडम, अपग्रेड केलं आणि लॅपटॉप मुका झाला."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"ते मला कसं कळायचं, मॅडम?"

इतकी वर्षं शिकवून हा प्रश्न विचारणारी बाई मीच. "बरं, गंगाला विचार."

"गंगा घरी हाय, लॅपटॉपबी घरी हाय. मी दगडावर हाय."

हा दगड म्हणजे त्यांच्या वाडीच्या वर, काजूच्या झाडांपलीकडं असलेला काळा कातळ. वाडीत मोबाइलला रेंज येते ती तेवढ्या जागी. म्हटलं, फोनवर हे जमायचं नाही. शनिवारी सकाळी पिशवीत पेन ड्राइव्ह, चार्जर आणि दशम्या घातल्या आणि बस धरली.

खानापूर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं जवळ सरकायला लागतात. रामनगरला बस थांबली तेव्हा मिरची भजी तळली जात होती. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. डॉक्टर बेळगावात होते. मी दोन प्लेट खाल्ल्या.

जोयड्याला उतरून कुंभारवाड्याकडं जाणारी जीप मिळाली. माझ्या मांडीवर एका बाईनं न विचारता कोंबडी ठेवली आणि स्वतः पोतं सांभाळत बसली. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "अज्जी (आजी), एकट्याच? कुणाकडं?"

"सोमाकडं. त्याच्या लॅपटॉपला बघायला."

"काय झालंय त्याला?"

"मुका झालाय."

"मग आमच्या घरची कशी मुकी व्हईल, त्येबी सांगून जावा."

कोंबडीवाली मागून म्हणाली, "अज्जी, आधी ह्याचंच तोंड बंद करा. घाटात लई बोलतोय."

जीपभर हसू पसरलं, कोंबडीनं माझ्या लुगड्यावर आपलं मत नोंदवलं, आणि लाल धुळीतून आम्ही चढत राहिलो. एका वळणावर धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. त्यांच्या पंखांचा आवाज जुन्या भात्यासारखा, आधी कानाला कळतो आणि मग डोळ्याला. पुढं कापणी झालेली भातखाचरं, गवताच्या उडव्या, आणि झाडीत लपलेली चार घरं इथं, तीन तिथं.

सोमा अंगणात उभाच होता. जीपचा आवाज ओळखून आला असणार. गंगा पितळीतून पाणी घेऊन आली. काटक, गोल चेहऱ्याची, बोलायला तयार.

"अज्जी, खरं सांगू? ह्या घरात दोन बायका, एक मी आणि एक त्या डब्यातली. दिवसभर कानात बोलती त्यांच्या. ती गप झाली तवा पहिल्या दिवशी मला लई बरं वाटलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी दगडावर मडगावास्नं भाऊजींचा फोन आला, कवा येतोस म्हणून." तिनं पितळी घेतली आणि आत गेली.

जेवायला पेज, उकडलेली मुडली (इथल्या मातीत होणारा कंद) आणि लाल मुंग्यांची चटणी होती. मुंग्यांची चटणी आंबट, झणझणीत, आणि डोळे मिटून खाल्ली तर फारच चांगली. डोळे उघडे ठेवूनही मी परत मागितली.

मग लॅपटॉप पुढं घेतला. आधी चार्जर लावला. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा पूर आला आणि थांबला. अर्थ एवढाच, की मला उठवलंत खरं, पण माझं घर कुठं आहे ते मला सापडत नाही. गंगानं ती अक्षरं पाहिली होती. पण तिची शाळा कन्नड, अक्षरं इंग्रजी, त्यामुळे तिला वाटलं होतं की तो सुरू होऊन कामात आहे.

"सोमा, अपग्रेड पुरं झालं होतं का?"

सोमा चार्जरची तार बोटांनी चाचपू लागला.

"अरे बोल की. का तूही मुका?"

"मॅडम, दगडावर केलं ना. सामान सगळं उतरून झालं होतं. लावायचं चाललं होतं. तेवढ्यात पारूआत्या आली. तिची लेक बाळंतपणाला अडली होती, जावयाला फोन करायचा होता."

"मग?"

"मग काय, उठलो. लॅपटॉप मिटला नि घरी आलो. करंट न्हवता. तसाच ठेवला."

दगडाचा तो रिवाजच आहे. बाळंतपण, आजारपण, मयत, हरवलेलं जनावर, असं कुणाचं काही निघालं की बसलेल्यानं उठायचं. कुणी बोलत नाही, नुसतं समोर येऊन उभं राहायचं. सोमाला पावलं ऐकू आली, की तो उठतो. मिटलेल्या लॅपटॉपची बॅटरी घरी संपली आणि काम अर्ध्यात तुटलं.

"मुलगी की मुलगा?" मी विचारलं.

"मुलगी. दोघीबी बऱ्या हायत."

मग रागावणार कोणावर?

ह्या लॅपटॉपवरही लिनक्सच होतं, आणि लिनक्सची एक गोष्ट मला आवडते. अपग्रेडमध्ये नवा गाभा, म्हणजे सगळं चालवणारा मुख्य भाग, आला तरी ते जुन्याला घराबाहेर काढत नाही, मागच्या खोलीत ठेवतं. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की यादी येते, तिच्यातून जुना निवडायचा. तो निवडला आणि लॅपटॉप मुकाट्यानं उघडला. मग त्याला हुकूम दिला, अर्धवट राहिलेलं पुरं कर. सामान आधीच उतरलेलं होतं, त्यामुळे रेंजची गरज नव्हती. हुकूम मारण्याआधी मी तो मोठ्यानं वाचला. मला शिकवू नका म्हणणाऱ्या बाईशी फार वर्षं राहिलेय मी. तिचा भरवसा नाही.

मध्येच करंट गेला. बॅटरी तोवर बऱ्यापैकी भरली होती, तरी आम्ही तिघं लॅपटॉपला चिकटून बसलो. सोमाची आई चुलीपासून म्हणाली, "बघू नका त्येच्याकडं. बघितलं की दूधबी लवकर तापत न्हाई." आम्ही अंगणात सुपारी कातरत बसलो. परत आत गेलो तर काम झालं होतं. बंद करून सुरू केला, नवा गाभा पहिल्याच हाकेला उठला.

पण आवाज नाही.

मी आवाजाची पट्टी वर नेली. नाही. आणखी वर. नाही. अगदी शेवटापर्यंत नेली. सोमा गुडघ्यावर बोटं वाजवत होता, कळांवर वाजवतो तशी.

"मॅडम, मडगावात रेंज बरी असते म्हणे," तो हसत म्हणाला. गंगा हसली नाही.

मी सगळं उलगडून पाहिलं. आवाज बंद केलेला नव्हता. तार तुटलेली नव्हती. बाई आत बोलत होती, पट्टी हलताना दिसत होती, पण ऐकू येत नव्हती. मग आवाज कुठून बाहेर पाठवायचा त्याची निवड उघडली, आणि कपाळावर हात मारला. अपग्रेडनं परस्पर ठरवून टाकलं होतं की आवाज टीव्हीच्या तारेच्या भोकातून पाठवावा. त्या घरात टीव्हीच नव्हता. बिचारी मघापासून एका रिकाम्या भोकाशी बोलत होती.

मी लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर निवडले. पट्टी शेवटापर्यंत नेली होती, ते विसरले.

"स्पीकर! निवडले आहे!" असा आवाज घरात फुटला, की मांजर माळ्यावर गेलं, सोमाच्या आईच्या हातातली पळी पडली, आणि सोमा मागच्या मागं भिंतीला टेकला. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. गंगानं पाठीवर थापट्या मारल्या. थापट्या जरा जोरातच होत्या, डोळे पुसायला तिला दुसरा हात लागत होता.

रविवारभर सोमानं टाइप केलं. मी वाडी हिंडले आणि गंगाच्या काजूखाली झोपा काढल्या.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दगडावर गेलो. रेंज कसली, एक काडी. फाइल मुंगीच्या पावलानं वर चढत होती. निम्मी गेली असेल नसेल, तोच खालून पावलं वाजली. शेजारच्या वाडीतला तुकाराम, हातात मोबाइल. समोर येऊन उभा राहिला.

आणि सोमा उठायला लागला! हात लॅपटॉप मिटायला निघाला. मी त्याचा खांदा धरून खाली दाबला. "बस!"

"मॅडम, कुणीतरी..."

"बस म्हणते ना."

दगडावर माझा कसला हक्क? पण म्हातारीला उद्धटपणा शोभतो, हे मी सोयीनं धरून चालते. गंगा मात्र माझ्या पुढं गेली. 

"तुकाभाऊ, ह्यांचं काम जातंय वर. जरा थांबशील?"

तुकाराम सोमाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय की. माझा रेडा रातभर न्हाई, अजून थोडा वेळ न्हाई. मला वाटलं गाणी ऐकायलाय."

तो शेजारी बसला. त्यानं विडी पेटवली, आणि आम्ही चौघं एका हिरव्या पट्टीची वाट बघत बसलो. ती पुरी भरली तेव्हा डब्यातल्या बाईनं सपाट आवाजात सांगितलं, "पाठवले." सोमानं उठून तुकारामाला जागा दिली.

दुपारच्या बसनं मी परत निघाले. रामनगरला भजी टाळली, कारण पोट भरलेलं होतं, तत्त्व वगैरे काही नाही. खिडकीतून झाडं मागं जाताना वाटलं, मी तरुणपणी मशीन मोडली ती कुणाचं न ऐकता. ह्या पोरानं मोडली ती सगळ्यांचं ऐकून. दुरुस्त करायला दोन्ही सारखीच अवघड, पण चहा कुणाकडं प्यावा, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काही दिवसांनी फोन वाजला. पलीकडं वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे दगडावरूनच. गंगा धापा टाकत होती.

"अज्जी, काम पसंत पडलं त्यांचं. मडगावला न्यायला म्हणून मी नवी पिशवी शिवली हुती, त्यात आता मुडलीचं बी भरून ठेवलंय. आता ठेवते, मागं माणूस उभा हाय."