मधले कागद

पंजाबरावचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. कचेरी अकराची, पण खळ पहाटेच शिजवावी लागे. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या बोटांनी मोडायच्या, मोरचुदाचा खडा कुटून त्यात घालायचा, म्हणजे लिफाफ्याला झुरळं तोंड लावत नाहीत. मग मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की खळ बुडाला लागते, आणि बुडाला लागलेल्या खळीचा लिफाफा पावसाळ्यात आपोआप उकलतो. त्याची बायको मनकर्णा चुलीपाशी बसून पाहायची आणि म्हणायची, "एवढ्या निगुतीनं तुमी घरचं लेकरू नाही खेळवलं कधी."

तो मूळचा अकोटकडचा. भावांत धाकटा. वाटणीत जमिनीची जी चिंधी आली ती थोरल्याला वाहायला देऊन तो अकोल्याला आला आणि त्रेपन्न साली एका सरकारी कचेरीत दफ्तरी म्हणून लागला. दफ्तरी म्हणजे लिफाफे करणारा, गठ्ठे शिवणारा, त्यांवर लाखेचं सील मारणारा. आणि चौकट चालवणारा.

चौकट म्हणजे लाकडाची चौकोनी फ्रेम, तिला ताणून बसवलेली जाळी. हुकूम किंवा परिपत्रक मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरलेलं असे. ती स्टेन्सिल जाळीखाली लावायची, खाली कोरा कागद, वरून शाईचा रूळ दाबून फिरवायचा. चौकट उचलायची, कागद काढायचा, दुसरा घालायचा. एका कागदाला एकदा दाब. दाब कमी पडला तर अक्षर पांढरं, जास्त झाला तर स्टेन्सिल फाटते. दिवसभर चौकट चालवली की उजवा खांदा संध्याकाळी ताट धरू देत नसे. पण जिल्ह्यातल्या गावोगावी जाणारा कागद आपल्या खांद्यातून जातो हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला आवडत होतं.

नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईहून मशीन आलं. लाकडी खोक्यात, गवतात बसवलेलं. स्टेशनवरून बंडीनं आलं आणि कचेरीच्या जिन्यावरून ते वर चढवलं पंजाबरावनंच, पुढून तो आणि मागून दुसरा शिपाई. खोकं उघडल्यावर आतून काळा गुळगुळीत ढोल निघाला. बाजूला हँडल. हँडल फिरवलं की कागद एकीकडून आत जातो आणि छापून दुसरीकडून बाहेर पडतो. पंजाबरावनं हातरुमालानं त्याच्यावरचं गवत झटकलं. आठ वर्षं चौकट त्याची होती. मशीनही आपलंच, यात त्याला शंका नव्हती.

कचेरीचं सामानसुमान आणि शिपाई ज्यांच्या ताब्यात असत ते नाझर मोरोपंत. त्यांनी सगळ्यांना बोलावून वरचं पत्र वाचून दाखवलं. आता गुप्त कागद वेगळ्या खोलीत छापायचे. खोलीला कुलूप, खिडकीच्या काचांना रंग. काम झालं की हँडल काढून नाझरांच्या कपाटात ठेवायचं. छापून झालेली स्टेन्सिल आणि बिघडलेल्या प्रती नाझरांसमोर जाळायच्या. सरकारची गोष्ट सरकारबाहेर जाता कामा नये. मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं की मशीनसोबत पुस्तक आहे, आकडे इंग्रजी आहेत, तेव्हा मशीन श्रावण चालवील.

श्रावण मूर्तिजापूरकडचा. कचेरीत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. सातवी पास. पंजाबराव चौथीपर्यंत शिकलेला. पंजाबराव खाली उतरला आणि लाखेची शेगडी विनाकारण पेटवून बसला.

त्या दिवसापासून श्रावणचं काहीच त्याला पाहवेना. श्रावणला खोलीत स्टूल मिळालं. महिन्याला थोडा भत्ता मिळाला. साहेब त्याला नावानं हाक मारू लागले, पंजाबरावला अजून "अरे दफ्तरी" असंच चाले. श्रावणच्या बोटांना शाई लागली की बायका नळावर त्याच्या बायकोला, आशाला, विचारत, भाऊजी काय छापून राहिले आज. पंजाबरावच्या बोटांना आठ वर्षं शाई होती, तेव्हा मनकर्णा त्याला राखेनं हात घासायला लावत असे. रात्री जेवताना तो श्रावणचंच बोलायचा. कसा हँडल फिरवतो, किती कागद नासवतो. एकदा मनकर्णा म्हणाली, "तुमी तिकडे जळता अन् इकडे भाकर थंडी होते."

एक दिवस श्रावण छापलेल्या कागदांचा ढीग घेऊन खाली आला. पुरवठ्यात आलेला कागद गुळगुळीत होता, शाई लवकर पीत नव्हती. खालच्या प्रतीची ओली शाई वरच्या प्रतीच्या पाठीला लागून सगळं काळं झालं होतं.

"भाऊ, हे पुस्तकात नाही," तो म्हणाला. "तुमी काय करत होते?"

पंजाबरावला आधी बरं वाटलं. त्यानं रद्दीतला खरबरीत कागद उचलला आणि दाखवलं: प्रत पडली की तिच्यावर हा एक, मग दुसरी प्रत, मग पुन्हा हा. मधला कागद शाई ओढून घेतो, प्रती स्वच्छ राहतात. मधले कागद वाळवून पुन्हा वापरता येतात. श्रावण खूश झाला. जाताना म्हणाला, तुमच्यावाचून चालत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. मधल्या कागदावर अक्षरं उलटी उमटतात. उजेडाकडे धरून मागच्या बाजूनं पाहिलं की सरळ वाचता येतात. म्हणून कागद गुप्त असला की पंजाबराव मधले कागद एकूण एक आपल्या शेगडीत घालायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या पत्रातही ते नव्हतं, कारण पत्र लिहिणाऱ्याला मधले कागद माहीतच नसावेत. श्रावण जिना चढत असताना शब्द पंजाबरावच्या ओठापर्यंत आले होते. सातवी पास आहे, कळेल त्याला, असं मनात म्हणून त्यानं ते गिळले.

हिवाळ्यात कारकुनांच्या भरतीची परीक्षा ठरली. शेतकऱ्यांची पोरं, मास्तरांची पोरं, अचलपूरपासून अकोटपर्यंतची, अर्ज भरून बसली होती. प्रश्नपत्रिका कचेरीतच छापायची होती. श्रावणला खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं आणि दाराशी पहाऱ्याला बसवलं पंजाबरावला.

तो दिवसभर दारापाशी बसून आतला आवाज ऐकत होता. हँडल भरभर फिरत होतं. इतकं भरभर फिरवायचं नसतं, त्याला वाटे. मग वाटे, मला काय. मी दारावरचा कुत्रा. संध्याकाळी मोरोपंतांनी दार उघडलं, स्टेन्सिल जाळली, बिघडलेल्या प्रती जाळल्या, हँडल काढून नेलं. पंजाबरावनं गठ्ठे शिवले आणि सील मारलं. त्याची सीलं नेहमीसारखीच एकसारखी, गोल, कडा न फुटलेली होती. ती कुणी पाहिली नाहीत.

परीक्षा रविवारी होती. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत दोघं कचेरीमागच्या लिंबाखाली जेवायला बसले. श्रावणनं फडकं सोडलं. आत भाकर कागदात गुंडाळलेली होती. कागदावर उलटी, पुसट काळी अक्षरं होती.

पंजाबरावचा घास हातात राहिला. त्यानं साध्या आवाजात विचारलं, हा कागद कुठला. श्रावण म्हणाला, परवाच्या कामाचा. लय शाई प्यायला होता, पुन्हा वापराच्या कामाचा नव्हता, म्हणून असे सगळे घरी नेले. आशानं फळीवर डब्यांखाली घातले. ठेचा पुढे करत त्यानं घरचं सांगितलं. मेहुणा शेषराव आला आहे, रविवारी परीक्षेला बसतो, त्याच फळीखाली कंदील घेऊन पाठ करत असतो.

पंजाबराव पुढचं ऐकत नव्हता. खिचडीवरचं तूप विरघळावं तसं त्याच्या आत काहीतरी पसरत होतं. मेहुणा परीक्षेला, प्रश्न घरात. कुणाला खोटं वाटणार नव्हतं. श्रावण जाईल. स्टूल रिकामं होईल. मशीन दुसरं चालवणार कोण? श्रावण हात धुवायला उठला तसा त्यानं तो कागद घडी करून टोपीत घातला आणि जिना चढला.

मोरोपंत एकटेच होते. पंजाबरावनं कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं, श्रावणच्या भाकरीला होता. मोरोपंतांनी तो खिडकीकडे धरला. त्यांचा चेहरा उतरला. श्रावणला हाक मारून बोलावलं. तो आला, कागद पाहिला, तरी त्याला काय झालं ते उमगेना. उलटून दाखवल्यावर तो एवढंच म्हणाला की सांगितलं होतं ते सगळं जाळलं, यात काय असतं हे आपल्याला माहीत नव्हतं.

मोरोपंतांनी लेखणी घेतली. लिहिता लिहिता थांबले आणि पंजाबरावकडे वळले.

"तू आठ वर्षं चौकट चालवलीस. गुप्त काम तेव्हाही होतं. तेव्हा हे मधले कागद कुठं जायचे?"

रद्दीत, असं म्हणता आलं असतं. तपासायला कुणी नव्हतं. पण आठ वर्षं ते काम त्यानं चोख केलं होतं आणि ते चोख नव्हतं असं त्याच्या तोंडून निघेना.

"माह्या शेगडीत," तो म्हणाला.

"याला सांगितलं होतंस?"

"नाही."

"का?"

श्रावण त्याच्याकडे पाहत होता. पंजाबराव टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला.

"मले ते मशीन पायजे होतं, साहेब."

मोरोपंतांनी लेखणी खाली ठेवली. मग उठून साहेबांच्या खोलीत गेले. बाहेर आले ते हुकूम घेऊनच. शिपाई पाठवून श्रावणच्या घरून सगळे कागद आणले. आशाबाईनं डबे उचलून फळी रिकामी करून दिली. शेषरावला विचारलं तेव्हा कळलं की त्यानं वर मान करून पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी जुनी पत्रिका रद्द झाली. साहेबांनी नवी काढली, शुक्रवारी ती कोरून झाली, आणि मोरोपंतांनी दोघांनाही खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं. एकानं फिरवायचं, एकानं मधले कागद घालायचे.

अर्धा गठ्ठा झाला. मग श्रावण म्हणाला, "भाऊ, मागतलं असतं तर म्या हँडल तुमच्या हाती देल्लं असतं."

"मागून घेतलेलं काय कामाचं."

"मग चोरून घेतलेलं कामाचं होतं काय?"

पंजाबरावनं पुढचा मधला कागद घातला. श्रावण स्टुलावरून उठला आणि बाजूला झाला. "घ्या. फिरवा."

पंजाबरावनं हँडल धरलं. खांद्याला सवयीप्रमाणे जोर आला आणि जोराची गरजच पडली नाही. हँडल लोण्यात फिरावं तसं फिरलं. कागद आत गेला, बाहेर पडला, अक्षर न् अक्षर सारखं. त्यानं आणखी काही फिरवले. खांद्याला काहीच कळत नव्हतं. आठ वर्षं आपण एकेका कागदाला खांदा दिला, आणि हा माणूस बसल्या जागी हे करतो आणि त्याचा भत्ता घेतो. मशीनबद्दल नव्हता इतका हेवा त्याला त्या हलकेपणाचा वाटला.

"यात काम काहीच नाही," तो म्हणाला आणि बाजूला सरकून पुन्हा मधले कागद घालू लागला.

"म्हणून तर घाम नाही येऊन राहिला," श्रावण म्हणाला, आणि दोघंही नको असताना हसले.

संध्याकाळी सगळे मधले कागद पंजाबरावच्या शेगडीत गेले. मोरोपंत शेवटचा कागद राख होईपर्यंत उभे राहिले. रविवारी परीक्षा झाली. शेषराव नापास झाला, आणि आशाबाई पुढं कितीतरी दिवस नळावर सांगत होती की पाहा, आमच्या घरात प्रश्न होते तरी.

श्रावणला लेखी ताकीद मिळाली. पंजाबरावची एका वर्षाची पगारवाढ रोखली, जाणून सांगितलं नाही म्हणून. मशीन श्रावणकडेच राहिलं. मोरोपंतांनी नियमात एक ओळ वाढवली: मधले कागद दफ्तरी जाळील, आणि ते जळाल्याशिवाय खोलीचं दार उघडणार नाही. त्या ओळीमुळे गुप्त काम असलं की पंजाबराव आत बसू लागला. श्रावण स्टुलावर, तो खाली पाटावर, शेगडीपाशी. श्रावणला मशीनवरचा इंग्रजी आकडा वाचता येतो आणि आपल्याला येत नाही, हे त्याला तिथं बसून दर खेपेला दिसे. आकडे शिकावेत असं त्याच्या मनात अनेकदा आलं. तो शिकला नाही. शिकलो तर श्रावणकडूनच शिकावे लागतील, एवढं एकच कारण होतं. राख मात्र तो इतकी बारीक करायचा की तिच्यात एक अक्षर सापडू नये.

एकोणसत्तरला तो निवृत्त झाला. जुन्या शहरातल्या त्याच्या दोन खोल्यांत तोवर मातीची जमीन होती आणि मनकर्णा आठवड्याला गुडघ्यांवर बसून ती सारवत असे. शेवटी शेवटी तिला उठताना भिंत धरावी लागे. सोळा वर्षांच्या पगारातून जे मागं पडलं होतं, त्यात त्यानं दोन्ही खोल्यांना शहाबादी फरशी बसवली. पगारवाढ रोखली नसती तर ती वर्षभर आधी बसली असती, हे त्यानं मनकर्णाला सांगितलं आणि तिनं ऐकून घेतलं. दगड त्यानं स्वतः निवडले, एकेकावर बोटानं ठोकून आवाज ऐकून. कोपरे गवंड्याकडून दोनदा काढून पुन्हा घालून घेतले.

फरशी वाळल्यावर श्रावण भेटायला आला. चपला दाराशी काढून आत आला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला, वाकून हात लावून पाहिला.

"थंडी आहे बाप्पा," तो म्हणाला. "आमच्या घरी अजून शेणमातीच आहे."

पंजाबरावनं मनकर्णाला आणखी दोन भाकरी टाकायला सांगितल्या. त्या दिवशी त्यानं श्रावणला फरशीवर बसवून जेवू घातलं, आणि जेवण झाल्यावरही बराच वेळ उठू दिलं नाही.