स्वल्प खारा बन

अन्याय झाला आमच्या कुत्रीवर, बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्याच जिन्यात, गेल्या रविवारी सकाळी साडेसातला. तिचे पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. मी तिच्या डोक्याखाली ओढणी सरकवली आणि झटके थांबायची वाट बघत बसले.

तिला चार महिने फिट आली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी वेळेवर द्या आणि खाण्यातलं मीठ वाढू देऊ नका. मीठ वाढलं की औषध लघवीवाटे निघून जातं. मी दारावर कागदच लावला होता: ‘खारट देऊ नका.’

खालच्या अक्का धावत आल्या. हातात बेकरीची पिशवी.

“अक्का, काय दिलंत हिला?”

“स्वल्प खारा बन गं. रोजचाच.” स्वल्प म्हणजे कानडीत थोडासा, आणि खारा बन म्हणजे मीठ-मिरची घातलेला पाव.

“रोज? कागद वाचला नाहीत?”

“वाचला की! पण स्वल्पानं काय होतंय? तुला कुत्री पाळायची, तिला उपाशी ठेवायची!”

मग कळलं, वरचे अण्णाही स्वल्पच देत होते. समोरचा इस्त्रीवालाही. सगळ्यांची माया तिच्या एकटीच्या पोटात जात होती.

अन्यायाविरुद्ध इतकी पत्रकं लिहिली मी, आणि दारावरच्या कागदावर नेमका ‘स्वल्पसुद्धा’ हाच शब्द लिहायचा राहिला. त्या फिटपासून कुत्री अजून भिंतीला धडकत चालते.

तुम्हीही कुणाच्या तरी कुत्र्याला बिस्किट टाकत असाल. आधी घरच्यांना विचारा. नको म्हणाले, तर स्वल्पसुद्धा देऊ नका.