गरुडाचा धोटा

माझा धाकटा भाऊ प्रयोगशील कलावंत आहे. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही. त्याला कळलंय असं तो म्हणतो, आणि आम्ही समजूतदार माणसं असल्याने विश्वास ठेवतो.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. भिवंडीत, नारपोलीतल्या आमच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याने छताला तीनशे जुने धोटे टांगले. धोटा म्हणजे लूमवर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारं ते लाकडी, टोकदार प्रकरण. वडील बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सरपण हाय का रे हे?"

प्रदर्शनासाठी कामं निवडणाऱ्या एक बाई मुंबईहून येणार होत्या. त्यांनी निवडलं तर ठीक, न्हाय तर सोमवारपासून शेजारच्यांच्या लूमवर सकाळची शिफ्ट, असा वडिलांचा निकाल होता.

बाई आल्या. भावाने सुरुवात केली. लहानपणी ऐकलेल्या एका जगप्रसिद्ध बालकादंबरीचा या कामावर गाढ प्रभाव आहे, तिच्यातला मुलगा धोट्यावर बसून सात आकाशं ओलांडतो, वगैरे.

"धोट्यावर?" बाई म्हणाल्या. "मी ती लहानपणी दहादा वाचलीय. तो गरुडावर बसतो."

भाऊ माझ्याकडे वळला. कारण त्याला ती वाचून दाखवणारी विदुषी मी.

आता काय सांगू? दुपारी त्याला झोपवायचं काम माझ्याकडे असायचं. शेजारी लूमचा खडखडाट, आणि अनुवादाची भाषा इतकी जड, की दोन ओळींत मलाच डुलकी लागायची. मग पुस्तक नुसतं समोर धरून मी मनाला येईल ते ठोकून द्यायचे. भिवंडीत गरुड कोणी पाहिला होता? धोटा खिडकीतून दिसायचा.

"ते मी घातलं," मी म्हटलं.

"आणि सात आकाशं?" भावाने विचारलं.

"ती पण."

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. काम त्यांनी निवडलं. फक्त माहितीच्या कागदावरचा कादंबरीचा परिच्छेद खोडून 'मोठ्या बहिणीने सांगितलेल्या गोष्टीवरून' एवढंच लिहायला लावलं. जागतिक वाङ्मयाचा वारसदार एका दुपारीत घरगुती झाला! आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी ती कादंबरी विकत आणून, पुरी वाचून, तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, यात राणी मरते?"

"तुला रडू आलं असतं रे."

"तू तर तिला सुताला खळ लावायच्या कारखान्यात सुपरवायझर लावलं होतंस!"

"मग? चांगली पर्मनंट ड्युटी होती."