मामाच्या कॉम्प्युटरातली जुनी हिरॉईन

मामाच्या वडशातल्या नाटक कंपनीची वेबसाइट मी बनवली होती. त्यानंतर मामाने कंपनीचं कुठलंही काम मला सांगितलं नाही.

कॉम्प्युटरचा कोर्स करून मी तेव्हा चंद्रपुरात नोकरी शोधत होतो (म्हणजे घरी बसलो होतो). साइटवर हिरॉईनचा मोठा फोटो होता, कुंदाबाईंचा. ऐन सीझनमध्ये त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या, शालूबाई आल्या. मी शालूबाईंचा फोटो साइटवर चढवला आणि ऐटीत मामाला फोन केला.

"कुठी बदलला बे? इथी तर कुंदाच दिसून राह्यली!"

"मामा, मला इथे शालूबाईच दिसतात!"

"मंग मी का आंधळा हावो?"

मी पुन्हा चढवला. पुन्हा कुंदाबाई! तेवढ्यात तिकडे शालूबाई मामाच्या ऑफिसात आल्या, त्यांनी स्क्रीन पाहिला आणि मामाचा मोबाइलच हिसकावला.

"भाऊ, माह्या जागी ते बाई काऊन बसली? आज सावली गावच्या प्रयोगाले तिलेच उभी करा. मी नाई येत!"

मागून मामा ओरडला, "तू आत्ताच्या आत्ता इकडे ये!"

वडशाच्या एसटीत उभ्या उभ्या मला उलगडा झाला. ब्राउझर एकदा पाहिलेला फोटो कॉम्प्युटरातच साठवून ठेवतो, पुन्हा मागितला की तोच दाखवतो. मी आळसाने नव्या फोटोच्या फाइलला जुन्याचंच नाव दिलं होतं! मामाच्या कॉम्प्युटरला वाटलं, हा तर आहे आपल्याकडे.

"मामा, या साठ्याला कॅश म्हणतात," ऑफिसात पोचताच मी सांगितलं. शालूबाई तिथेच फुगून बसल्या होत्या.

"कॅश? माह्या कंपनीत कॅश नाई, अन् या डब्यात हाये?"

"ती नाही हो! थांबा, पुसतो."

मी साठा पुसला, साइट पुन्हा उघडली आणि बाजूला झालो. फोनच्या लाइनवरच्या मंद इंटरनेटने फोटो वरून खाली सावकाश उतरू लागला. केस आले, कपाळ आलं, शालूबाई खुलल्या. मग गाल आले. येतच राहिले! उभा फोटो आडव्या चौकटीत बसवायला मी तो दोन्ही बाजूंनी ताणला होता. (चंद्रपुरात मी तो कितीदा पाहिला! पण बदलला की नाही एवढंच पाहिलं, दिसतो कसा ते नाही.) स्क्रीनवर धानाचं भरलेलं पोतं हसत होतं.

"हे मी हावो?" शालूबाई पुटपुटल्या. मग ताडकन उठल्या. "चला मालक, सावलीले! मी खरी कशी दिसते ते लोकायले दाखवतेच! अन् भाऊ, तिथी कुंदाच राहू द्या. निदान माणसासारखी तं दिसते!"

मामाने कपाळ चोळलं. "लाव बे ते जुनी वापस."

"मामा, फाइलचं नाव एकच, त्यामुळे नवी चढताच साइटवरून आणि माझ्या कॉम्प्युटरातूनही ती केव्हाच गेली. एकच प्रत उरली होती."

"कुठी?"

"तुमच्या कॅशमध्ये. ती मी आत्ताच पुसली."