बसम्माच्या चोवीस बांगड्या

इरावतीला सासरी येऊन एकोणीस वर्षं झाली, पण मोकळ्या हातांनी उंबरा ओलांडायची तिची छाती अजून झाली नव्हती. ड्यूटीवरून आली, की सासूबाई दारातच उभ्या. आधी नजर मनगटावर, मग तोंडावर. "माई, पाय लई दुखतायत," म्हणावं, तर उत्तर ठरलेलं, "पाय दुखू देत. हात बघू." दोन्ही हातांत दोन-दोन हिरव्या बांगड्या दिसल्या, की मगच चहा.

माईंचंही फार चुकत नव्हतं. त्यांचं माहेर पेठ वडगावच्या कासाराचं. बाजारच्या दिवशी वडिलांशेजारी बसून त्यांनी गावभरच्या बायकांना बांगड्या भरलेल्या. आणि सून मिळाली ती नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली नर्स! तिथं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि हातात साधा दोरासुद्धा चालत नाही. इरावती कपडे बदलायच्या खोलीत बांगड्या खुंटीला अडकवायची अन् सुटताना घालायची. एकदा विसरली, तर माई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

म्हणून कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा माईंनी देवापुढं साखर ठेवली. प्रथमोपचाराच्या खोलीत बसायचं, दिवसपाळी, रविवारी सुट्टी, न्यायला-आणायला कंपनीची बस. "आन् हातात बांगड्या!" माई म्हणाल्या. सोमवारपर्यंत काय ते कळवायचं होतं.

खरं सांगायचं तर इरावतीचंही मन तिकडं झुकलं होतं. दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालायची, यंत्र वाजलं की धावायचं, पाळ्या बदलत राहायचं. बेचाळिसाव्या वर्षी कंबर कुरकुरायला लागली होती. बरोबरीच्या कितीतरी जणी परदेशी गेल्या, आपण आहोत तिथंच, असं अलीकडं तिला सारखं वाटायचं. पण कारखान्याला हो म्हणायला फोन हातात घेतला, की काचेच्या पेटीतलं एखादं बाळ आठवायचं आणि फोन खाली राहायचा.

त्याच आठवड्यात बसम्मा आली. सीमेकडच्या खेड्यातली, शेतात राबणारी बाई. तिची लेक रक्षिता सातव्या महिन्यात बाळंत झाली आणि झटके आल्यामुळं वरच्या मजल्यावर शुद्ध हरपून पडली होती. जावई मल्लेश सर्दीनं बेजार, त्याला आत बंदी. सव्वा किलोची पोर. तिला आता कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब हवी होती. त्यानं बाळाचा श्वास स्थिरावतो, वजन धरतं. आजी तयार होती, पण आजीच्या दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या बांगड्या, कष्टानं जाड झालेल्या पंजावरून न निघणाऱ्या. इरावतीनं साबण लावून दोनदा ओढून पाहिलं. फोडायचं नाव काढताच बसम्मानं हात पदराखाली घेतले.

"सिस्टर, माझा मालक धडधाकट हाय. लेक वर अशी पडलीया. ह्या टायमाला बांगड्या फोडू व्हय मी?"

आणि काचेपलीकडून नातीकडं बघत ती रडत बसली. इरावतीला तिला रागवताही येईना.

शनिवारी जेवताना तिनं हे घरी सांगितलं. "चार दिवस झाले, माई. तुमच्या त्या बांगड्यांपायी पोर उबेवाचून पडलीय," असं निघून गेलं तोंडातून, अन् तिनं जीभ चावली. माईंचा घास तसाच हातात.

त्या म्हणाल्या, "आधी हात वर धरायला लावलंतीस काय?"

"नाही."

"मग कशा निघतील? बांगडी वडायची नसती."

रविवारी सकाळी माई रिक्षा करून दवाखान्यात हजर. पिशवीत खोबरेल, साबण आणि देवघरातला पितळी डबा. बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी बसम्माला दहा मिनिटं हात वर धरायला लावले. "घाबरू नगंस बाई. एक जरी वाढली, तर मला कासाराची लेक म्हणू नगंस." मग तेल चोळलं, अंगठा आत मुडपला आणि एकेक बांगडी फिरवत फिरवत उतरवली. तासभर लागला. चोवीसच्या चोवीस शाबूत डब्यात पडल्या. बांगड्या भरल्यावर बायका कासाराला नमस्कार करतात, तसा बसम्मानं माईंना वाकून केला.

हात धुऊन ती आत गेली. इरावतीनं त्या एवढ्याशा जिवाला उचललं, आजीच्या छातीवर ठेवलं आणि डोकं तळहातावर तोलून धरलं. काचेबाहेर माई उभ्या होत्या. बाळाचा श्वास हळूहळू संथ झाला. माई बघत होत्या ते मात्र सुनेचे हात. मग बसम्माच्या बांगड्यांचा डबा पिशवीत जपून घालून त्या घरी गेल्या.

इरावतीनं त्याच दुपारी कारखान्याला नकार कळवला. घरी सांगायचा धीर झाला नाही. सोमवारी सकाळी, आता सांगावंच लागणार म्हणून ती चपला शोधत दारात घुटमळत होती, तोच माई पितळी डबा घेऊन पुढं आल्या.

"कागलवाल्यास्नी दुसरी बघा म्हणून सांग. आन् हात कर पुढं."

"माई, इथंच काढू?"

"मग? तिथं खुंटीला कशापायी लोंबत ठिवायच्या? माझ्याजवळ ऱ्हाऊ देत. सांजच्याला आलीस की भरीन."

त्यांनी तिचा अंगठा अलगद मुडपला, चारही बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या. इरावतीचे डोळे भरून आले. कासाराला करतात तसा तिनं माईंना वाकून नमस्कार केला आणि मोकळ्या हातांनी उंबरा ओलांडला.