अव्याची बग्गी सरळ करताना

अव्या गेल्याचं मला मंगलवहिनींच्या फोनवरून कळलं. "भावजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारची वेळ होती. कोथरूडहून हडपसरला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. जेवून आडवा झालेला माणूस तसाच कुशीवर निजला होता, बोटं ग्रीसने काळी. नंतर आंघोळ घालताना कुणीतरी ती बोटं घासायला लागलं, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नाही निघायचं ते. लग्न झाल्यापासून बघतेय."

एका कंपनीच्या टूलरूममध्ये शेजारी शेजारी उभं राहून आमची नोकरी संपली. निवृत्तीनंतर मी पेपर वाचू लागलो आणि अव्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बग्गी बांधली. ही वाळूत, माळावर पळवायची उघडी गाडी. दारं नाहीत, छप्पर नाही, पाइपांचा सांगाडा आणि मागे भंगारातल्या मोटारीचं इंजिन. रविवारी आम्ही दोघं मिळून ती टेम्पोत चढवून सासवडकडच्या एका माळावर न्यायचो. नवा पार्ट घालणं त्याला कमीपणाचं वाटे. काही झिजलं की तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबायचा, वर तार आवळायची. त्यामुळे गिअरचा दांडा खुळखुळायचा आणि स्टिअरिंग चांगलं चतकोर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. "हे स्टिअरिंग आहे की अर्ज?" मी एकदा विचारलं. "तिला आधी कळवावं लागतं, सुध्या. वळण दिसायच्या आत हात वळव, आणि सरळ रस्त्यावरही डावं-उजवं झुलवत राहा," तो म्हणाला. मीही तसाच शिकलो. वहिनी मात्र त्या गाडीत कधीच बसल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. मागच्या रस्त्यावरून मालट्रक गेला की जमीन हादरते आणि शेडमध्ये तो गिअरचा दांडा आपोआप वाजतो, म्हणाल्या. अगदी अव्या गाडीत बसून चाचपून बघायचा तसाच. दुपारी तो वाजला की वहिनींचे हात दोन कप चहा टाकतात... मग दुसरा कप ओट्यावर गार होत राहतो. "तेवढा आवाज बंद करून द्या भावजी. नाहीतर मला वेड लागेल." मी हो म्हणालो, पण मन होईना. तो खुळखुळाट म्हणजे अव्याच होता, आणि तो मीच बंद करायचा होता. आठवडाभर काही ना काही निमित्त काढून मी टाळलं.

शेवटी गेलो. दांड्याच्या बुडाचं कडं, म्हणजे बुश, कुठून आणायचं याचा विचार करत शेडमधली फळी चाचपली, तर तिथे न फोडलेली खोकी. गिअरच्या दांड्याची नवी बुशं, स्टिअरिंगचे नवे सांधे, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही एंड. अव्याने विकत आणलेले! मी दारातल्या वहिनींकडे पाहिलं. त्या खोक्यांकडेच बघत होत्या. "मी म्हणाले होते त्यांना," त्या म्हणाल्या, "स्टिअरिंग सरळ करा, त्या दिवशी बसेन. आणलंय म्हणून बोलले नाहीत हो मला..." आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. मला रडू आवरेना. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं.

जुनं बुश काढलं तेव्हा त्याचं गोल भोक एका बाजूने लांबट झालेलं दिसलं, अव्या दांडा ओढायचा त्या बाजूने. टाय रॉडचे एंड गंजून बसले होते, हातोडी मारून सुटले. नवे बसवून पिना घातल्या आणि टूलरूमच्या सवयीने दोरी ताणून चाकं सरळ लावली. मालट्रक गेला, शेड हादरली. दांडा हलला नाही. वहिनी कान देऊन उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि चपला घालून, पदर खोचून आल्या. "न्या मला," म्हणाल्या.

माळावर पोचल्यावर मी बग्गी टेम्पोतून उतरवून चालू केली. त्यांनी समोरचा पाइप दोन्ही हातांनी धरला. गाडी निघाली आणि पहिल्याच सरळ पट्ट्यात भेलकांडली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. स्टिअरिंग आता बोटभर फिरवलं तरी ऐकत होतं, आणि माझे हात अजूनही आधीच कळवत होते, झुलवत होते. मी घाबरलो. "वहिनी, माफ करा. गाडी सरळ झालीय, हातच अजून अव्याने शिकवलेले..." मी वेग कमी केला, मनगटं ताठ केली. बग्गी मुकाट्याने नाकासमोर जाऊ लागली.

वाऱ्याने वहिनींचे केस तोंडावर येत होते, ते त्यांनी बाजूला केले नाहीत.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मघासारखी चालवा."